केस पेपरच्या खिडकीवर घेतलेली संमती ग्राह्य धरावी का?

रानवारा (चर्चेचा प्रस्ताव)

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे वेगवेगळ्या रुग्णालयांतील आपल्या नोंदी एकत्र जोडणारा आरोग्य ओळख क्रमांक, घ्यायचा की नाही, हे रुग्णाने ठरवायचे आहे, असे शासन सांगत आले आहे. ही मुभा रुग्णापर्यंत पोहोचतच नाही, असे माझे म्हणणे आहे. २०२१ मध्ये लसीकरणाच्या वेळी आधार कार्ड दाखवणाऱ्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर आरोग्य ओळख क्रमांक छापून आला, आणि त्यांपैकी कित्येकांनी तो मागितलेलाच नव्हता. अलीकडे एका मोठ्या रुग्णालयात माझ्या आईच्या बाबतीत असेच घडले. मागे रांग खोळंबलेली होती. कर्मचाऱ्याने आधार क्रमांक घेतला, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, संमतीच्या चौकटीत स्वतःच खूण केली आणि केस पेपर पुढे सरकवला. पडद्यावर काय लिहिले होते, हे आईने वाचले नाही, आणि तिला कोणी वाचूनही दाखवले नाही.

कायद्याचा आधारही पुरेसा नाही. आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढणारे २०१९ चे वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. म्हणजे माझा दुकानातील खरेदीचा तपशील आणि माझ्या मनोविकाराचे निदान यांना हा कायदा एकाच मापाने मोजतो. शिवाय सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे राखला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितल्यानंतरची ही स्थिती आहे.

खेड्यातला डॉक्टर

आपला आक्षेप मी हलका मानत नाही, पण तपासणीच्या टेबलामागे बसून मला जे दिसते तेही ऐकावे. बीडहून ऊसतोडीला आलेली गरोदर बाई आमच्याकडे येते, तेव्हा तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेले असते किंवा खोपीत भिजून गेलेले असते. हिमोग्लोबिन किती होते, रक्तगट कोणता, धनुर्वाताची इंजेक्शने झाली का, आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले का, यांपैकी शेवटच्या प्रश्नाचेच उत्तर तिला खात्रीने देता येते. मग आम्ही सगळ्या तपासण्या नव्याने करतो आणि तिचा दिवसाचा रोज बुडतो. बीड जिल्ह्यातीलच ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याच्या तक्रारींचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. आपली नोंद त्यांच्या स्वतःच्या हाती असती, तर जाब विचारणे त्यांना थोडे तरी सोपे गेले असते, असे मला मनापासून वाटते.

आणि कागद तरी कुठे गुप्त असतो? बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही दिवसभर टेबलावर उघडी असते आणि पुढचा रुग्ण मागच्याचे निदान सहज वाचतो. या मिशनमध्ये नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात, संमती ठरावीक मुदतीपुरती देता येते आणि मागेही घेता येते. नोंदवहीत यांतले काहीही नाही.

संगणकवाला

नोंदी ज्या त्या रुग्णालयात राहतात, हे खरे आहे. पण त्यामुळे त्या सुरक्षित राहतात, असे मात्र होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य सरकारी रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागद लिहून कारभार चालवावा लागला. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला) फोन क्रमांक दिला की लस घेतलेल्याच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि लसीकरण केंद्र मिळू लागले; लसीकरणाच्या नोंदणीचे कोविन पोर्टल थेट फुटल्याचे मंत्रालयाने नाकारले, पण माहिती लोकांसमोर आली ती आलीच. जिथे पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतो आणि तीन पाळ्यांचे कर्मचारी एकाच लॉगिनने काम करतात, त्या दहा खाटांच्या रुग्णालयाकडून आपण काय अपेक्षा करणार? डॉक्टरसाहेब, उघडी नोंदवही त्या खोलीतले चार लोक वाचतात. फुटलेली फाइल परत आणता येत नाही.

समुपदेशक

एक भर घालते. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने घातलेले आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या मुली गर्भपाताची नोंद सासरच्या कोणाला दिसेल का, हाच प्रश्न आधी विचारतात. घरातला एकच मोबाइल नवऱ्याकडे असेल, तर ओटीपी कोणाला मिळतो, याचा विचार कृपया करावा.

रानवारा

डॉक्टरसाहेब, त्या ऊसतोड बाईची नोंद मलाही हवी आहे. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. आभा क्रमांकाविना उपचार मिळतात, हे प्रत्येक खिडकीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे, संमती रांगेत न घेता तपासणीनंतर स्वतंत्रपणे घ्यावी, आणि मनोविकार, गर्भपात व एचआयव्ही यांच्या नोंदी रुग्णाने वेगळी परवानगी दिल्याखेरीज जोडल्या जाऊ नयेत.

खेड्यातला डॉक्टर

पहिली आणि तिसरी मागणी मला मान्य आहे. दुसरी मात्र आमच्या केंद्रात निभणार नाही. औषधनिर्मात्याचे पद रिकामे असल्याने औषधे परिचारिकाच देते. प्रत्येक रुग्णाला बाजूला बसवून संमती समजावून सांगणारा माणूस आम्ही कुठून आणायचा, हे आधी शासनाने सांगावे.