सुरक्षा तपासणीच्या रांगेतला मनस्ताप : आपले अनुभव सांगावेत

विमानतळावरील सुरक्षा तपासणीविषयी तक्रार करताना आपण थोडे ओशाळतो, कारण ती आपल्याच जिवासाठी आहे हे कोणी नाकारत नाही. तरीही त्या पंधरा-वीस मिनिटांत झालेला मनस्ताप पुढे कित्येक वर्षे आठवत राहतो, आणि माझ्या मते त्याचे मूळ तपासणीत नसून, आपल्याला का अडवले आहे हे कोणी सांगत नाही, यात असते. सुरुवात माझ्यापासून करतो. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला जेमतेम दोन बोटे शाम्पू उरला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. मर्यादा बाटलीच्या मापाला आहे, आत किती उरले आहे याला नाही, हे मला ती पिंपात पडल्यावर कळले. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर १०० मिलिलिटरचा नियम आला, हे मी घरी येऊन वाचले. आपणही लिहावे, मात्र नुसता संताप नको, नेमके काय घडले ते हवे.

*

माझे दोन्ही गुडघे शस्त्रक्रियेने बदललेले आहेत. धातुशोधक चौकटीतून गेले की ती वाजते. ती वाजणार आहे हे मी आधीच सांगते आणि तरीही ती वाजल्यावर समोरच्या व्यक्तीला नव्याने आश्चर्य वाटते. डॉक्टरांचे पत्र मी न चुकता जवळ ठेवते, पण ते आजवर कोणी पूर्ण वाचलेले नाही. अंगाची चाचपणी होते, तिचेही मला फारसे वाटत नाही. खरा जीव टांगणीला लागतो तो माझ्या ट्रेसाठी, कारण मी आडोशाला उभी असताना माझी पर्स, फोन आणि पासपोर्ट पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उघड्यावर पडलेले असतात आणि तिकडे बघायला मान वळवली तरी ‘समोर बघा’ असे दरडावले जाते. गंमत अशी, की जिथे हात वर करून उभे राहायचे ते मिलिमीटर लहरींचे यंत्र आहे तिथे मी सहज पार होते, कारण त्या लहरी त्वचेच्या आत जात नाहीत. म्हणजे मी संशयास्पद आहे की नाही, हे विमानतळाने कोणते यंत्र घेतले आहे त्यावर ठरते.

*

वरच्या ताईंच्या पत्राबद्दल वाचून राहवले नाही. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला इन्सुलिन पंप लावलेला आहे. तो क्ष-किरण यंत्रात घालू नये आणि लावलेला असताना बॉडी स्कॅनरमध्येही जाऊ नये, असे त्याच्या उत्पादकाने स्पष्ट लिहिले आहे. ते पान छापून मी सोबत नेले होते. तरीही, ‘काढून ट्रेमध्ये ठेवा’ हे एकच वाक्य आम्हाला तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडून ऐकावे लागले. अखेर एका वरिष्ठ बाईंनी मुलीला स्वतःच पंपाला हात लावायला सांगितला, मग तिच्या बोटांवरून तपासपट्टी फिरवून ती पट्टी स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्रात घातली, आणि दोन मिनिटांत आम्ही सुटलो. हा मार्ग पहिल्यापासून होताच! त्याआधीची चाळीस मिनिटे मुलगी सगळ्या रांगेसमोर शर्टाची कड धरून उभी होती.

*

त्याच तपासपट्टीने मला अडकवले. स्फोटकांचे कण शोधणारे यंत्र वाजले, पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढली गेली आणि पुन्हा तपासले तेव्हा काही निघाले नाही. निघण्यापूर्वी मी कुंड्यांना नायट्रेटचे खत घातले होते, त्याचाच हा प्रताप असावा, असा माझा तर्क आहे.

*

मी अजूनही फिल्मवर छायाचित्रे काढतो. बारा रोळ पारदर्शक पिशवीत वेगळे काढून, ते हाताने तपासावेत अशी विनंती केली. अधिकाऱ्याने यंत्रावरच्या सूचनेकडे बोट दाखवून सांगितले, की ८०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) खालच्या फिल्मला काही होत नाही. ती सूचना जुन्या क्ष-किरण यंत्रांच्या काळातली होती. समोरचे यंत्र सीटी जातीचे, म्हणजे सामानाभोवती फिरून अनेक बाजूंनी प्रतिमा घेणारे होते, आणि त्याच्या क्ष-किरणांच्या मात्रेने कमी संवेदनशील फिल्मही धुरकटते. मी वाद घातला, मागची रांग वाढली, लोक उसासे टाकू लागले आणि शेवटी मीच पिशवी पट्ट्यावर ठेवली. याचा राग मला आजही स्वतःवर जास्त येतो. बाराही रोळांवर राखाडी पट्टे उमटले. ज्या यंत्रामुळे प्रवाशांना लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही त्याच यंत्राने माझा तीन आठवड्यांचा प्रवास पुसला, आणि नुकसानीची नोंद करायला कुठे जायचे ते कोणालाही ठाऊक नव्हते.

*

मी काही वर्षे त्या पडद्यामागे बसत असे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्हाला सलग वीस मिनिटांहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवत नसत, कारण त्यानंतर डोळे बघतात पण दिसत नाही. आम्ही जागे आहोत ना हे पाहण्यासाठी यंत्रच अधूनमधून एखाद्या खऱ्या पिशवीच्या प्रतिमेत खोटे पिस्तूल किंवा खोटा बॉम्ब मिसळते, आणि तो टिपला नाही तर नोंद होते. आपली पिशवी बाजूला निघते तेव्हा बहुधा चार्जरच्या वायरींचा गुंता, बॅटरी आणि जाडजूड पुस्तक एकावर एक आलेले असते आणि खाली काय आहे ते दिसत नाही, एवढेच कारण असते. धागा सुरू करणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. काय दिसले ते प्रवाशाला सांगायचे नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती, आणि तेव्हा मला ती योग्यही वाटे. गेल्या महिन्यात प्रवासी म्हणून गेलो असता माझीच पिशवी बाजूला काढली गेली. कारण मला पुरते ठाऊक होते, तरी मी विचारले. त्या मुलाने मान वर न करता पिशवीची चेन उघडली.