मानधन की बिदागी? खान्देशातल्या गाणाऱ्यांना पैसा कुणी द्यायचा

गिरणाकाठ (धागाकर्ता)

गेले तीन महिने आमच्या गावच्या वही मंडळातल्या चार म्हाताऱ्यांचे सरकारी मानधनाचे अर्ज भरतोय. बाहेरच्यांसाठी दोन ओळी: वही म्हणजे चोपडीत लिहून ठेवलेली कथा-गाणी डफाच्या ठेक्यावर रात्रभर म्हणायची. एकानं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. खान्देशाबाहेर फार कुणाला ठाऊक नाही, आणि आता खान्देशातही तिशीच्या आतल्या किती पोरांना ठाऊक असेल कोण जाणे.

योजना जुनीच आहे, 1954-55 पासूनची. आता नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. पूर्वी कलाकाराची प्रतवारी असायची: राष्ट्रीय असेल तर महिना 3150, राज्य पातळीचा 2700, जिल्ह्याचा 2250. आमचे सगळे अर्थातच शेवटच्या ढिगातले. 2024 पासून सरसकट 5 हजार केले, हे चांगलंच झालं. डफाला राष्ट्रीय आणि जिल्हास्तरीय असे दोन आवाज थोडेच असतात. वय पन्नाशीच्या पुढचं हवं, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला 100 जण निवडतात.

अर्ज भरता भरता एक गोष्ट टोचायला लागली. हा पैसा कलेला नाही, म्हातारपणाला आहे. तो हवाच, त्याविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण चौघांपैकी एकाचे दात गेलेत, एकाला दम लागतो. हे गेल्यावर वही म्हणणार कोण? मंडळात तेविशीचा एकच पोरगा येतो, तोही जिनिंगला रात्रपाळी नसेल तर. त्याला शिकवायला वेळ मिळावा, डफ मढवायला पैसे मिळावेत, रात्रीच्या बैठकीला चहा-भाकरी निघावी यासाठी कुठल्याच खान्यात जागा नाही.

केंद्राचं गुरू-शिष्य परंपरेचं अनुदान आहे, गुरूला महिना 15 हजार, शिष्याला वयाप्रमाणे 10 हजारांपर्यंत. वाचून हरखलो होतो. मग अटी वाचल्या. संस्था नोंदणीकृत हवी, लेखापरीक्षण हवं, पैसे खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं. आमच्या मंडळाचा हिशेब बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे.

माझं म्हणणं इतकंच: मानधन म्हाताऱ्यांना द्या, पण शिकण्या-शिकवण्याला वेगळा, छोटा, कमी कागदांचा पैसा द्या. गावातल्या मंडळाला, दोन वर्षांसाठी. बोला.

हिशेबनीस

बोलतो, पण आवडणार नाही. कला लोकांना हवी असेल तर लोक पैसे देतात. खान्देशातला तमाशा कुठल्या अनुदानावर वाढला? आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे जत्रा लागल्या की सुपारी घेऊन फड निघायचे. तिकीट विकलं गेलं तर पोट भरायचं, नाहीतर गावाकडे परत. आज अहिराणी गाण्यांची यूट्यूबवर काय चलती आहे ते बघा. घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत नाही, अकादमी नाही, आणि तरी हळदीत अहिराणी गाणं वाजल्याशिवाय मांडव हलत नाही. हे सरकारनं केलं का? ज्याला ऐकणारा उरला नाही त्याला जगवायचं म्हणजे करदात्याच्या खिशातून संग्रहालय चालवायचं.

आणि अनुदान आलं की कलाकाराचं तोंड फिरतं. समोर बसलेल्या माणसाकडे बघायचं सोडून तो टेबलापलीकडच्या साहेबाकडे बघायला लागतो.

गिरणाकाठ

हिशेबनीसभाऊ, यूट्यूबचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पैसा कुणाला मिळतो? ज्याच्याकडे कॅमेरा, स्टुडिओ आणि चॅनल आहे त्याला. चाल कुठून येते? पावरीवरून. साक्री-नवापूरकडे आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्र रात्र पावरी वाजते, सुकवलेल्या भोपळ्याची, गाल फुगवून फुगवून वाजवायची. ती चाल बेंजोवर आली, बँडवाल्यांच्या कॅसिओवर आली, मग डीजेवर आली. वाटेत सगळ्यांनी कमावलं. पावरकराला काय मिळालं? तुमच्या बाजारात त्याच्या नावाची पावतीच फाडत नाहीत.

भो_आप्पा

पोट खाली शे तं डफ कसा वाजी, भो? एवढंच.

सातपुड्याचा_वारा

मी तिसऱ्याच टोकाला आहे. दोघंही पैशाबद्दल बोलताय, मी गाण्यात काय म्हणायचं याबद्दल बोलतो.

1938 च्या सुमारास तळोद्याकडे गुलाम महाराजांची आरती चळवळ उभी राहिली. दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा. आरतीला हजारोंनी भिल्ल जमायचे. गाणं आणि समाजकार्य यात रेघच नव्हती. सरकारनं काय केलं? गुलाम महाराजांच्या मागे चळवळ रामदास महाराजांनी चालवली, त्यांना इंग्रजांनी जिल्ह्याबाहेर काढलं. पुढे सत्तरच्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी माणसं उभी केली. नर्मदेच्या काठी धडगावकडची माणसं धरणाच्या पाण्यात उभी राहून गायली. यातल्या कुठल्या गाण्याला मंजुरी मिळाली असती?

आता माझं. मी दोन वर्षं एका कलापथकात होतो. सरकारी योजनांचा प्रचार करायला जिल्ह्याच्या यादीवरची कलापथकं घेतात, प्रयोगामागे पैसे देतात, ते तुम्हाला माहीतच असेल. हात धुवा, शौचालय बांधा, मुलगी शिकवा. वाईट काहीच नाही त्यात. पण संहिता आधी दाखवायची. एकदा बाजाराच्या गावी समोर सगळे कपाशीवाले बसलेले, राहवलं नाही, कपाशीच्या भावावर एक कडवं जोडलं. लोकांनी टाळ्यांनी अंगण डोक्यावर घेतलं. आमचं बिल आठ महिने अडकलं. कारण लेखी कुणी दिलं नाही. 'तुमच्या प्रयोगाचे फोटो नीट नाहीत' एवढंच तोंडी सांगितलं.

त्या दिवसापासून म्हणतो, सामाजिक गाणं करायचं असेल त्यानं सरकारच्या पैशाला हात लावू नये. घरच्या भाकरीवर गावं.

हिशेबनीस

बघा, हेच मी वर म्हणालो.

गिरणाकाठ

नाही, तुम्ही हे म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणालात बाजार बघून घेईल. वारा म्हणतोय घरची भाकर. घरची भाकर कुणाच्या घरी असते हो? ज्याच्या नावावर चार एकर आहेत त्याच्या. तुम्ही दोघांनी मिळून भूमिहीन गाणाऱ्याला बाहेर काढलं.

वारा दादा, बिल अडलं हे वाईट झालं, पण त्यावरून पैसाच नको असं निघत नाही. निघतं ते इतकंच की प्रयोगागणिक बिल ही पद्धत वाईट. दर प्रयोगाला सही लागली की दर प्रयोगाला लगाम लागतो. म्हणून तर मी म्हणतो, शिकण्याला द्या, बैठकीला द्या. डफ कसा धरायचा हे शिकवण्याच्या पैशावर कुणी संहिता मागणार नाही.

सातपुड्याचा_वारा

मागतील. तुम्ही अजून त्या जिन्यावर चढलेले नाहीत.

केळीबाग

मधेच शिरतो. सरकार नको तर कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याला द्यायचा पैसा, आहे की. नफ्याच्या 2 टक्क्यांतून काय काय करता येतं याची यादी कंपनी कायद्यात आहे, तिच्यात पारंपरिक कलाही आहेत. जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव दर वर्षी होतोच ना, त्याला काही सगळा पैसा मंत्रालयातून येत नाही. खाजगी दात्याला पटवा.

सातपुड्याचा_वारा

महोत्सव उत्तम असतो, मी स्वतः मागच्या रांगेत बसून ऐकलंय. पण तिथं ख्याल आणि नाट्यगीत. ठिबकच्या कंपनीच्या पैशावर पाण्याबद्दल, किंवा बियाणाच्या कंपनीच्या पैशावर बियाणाबद्दल मला जे गायचंय ते गाता येईल का, हे सांगा. मालक बदलला म्हणून दावं सुटत नाही.

केळीबाग

मग तुमचं कुणाशीच जमणार नाही बुवा.

आखाजी

मगाचपासून वाचतेय. सगळे पुरुष डफावर आणि बिलावर भांडताय. एक साधा प्रश्न: कलाकार कुणाला म्हणायचं?

माझी सासू कानबाईची, आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी म्हणते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बाया गातात, दुसऱ्या दिवशी विसर्जनाला गात गात नदीवर जातात. आखाजीला गौराईची गाणी वेगळी. तिला दोनशेच्या वर गाणी पाठ असतील, मी अर्ध्यावर मोजणं सोडलं. गावातल्या निम्म्या सुना तिच्याकडून शिकल्या. गेल्या वर्षी मी तिचा अर्ज भरायला गेले. समोरच्यानं विचारलं, पुरावा? म्हणजे कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, सत्काराचं प्रमाणपत्र. मी म्हटलं, कानबाईची कुणी पत्रिका छापतं का? तो म्हणाला, 'ताई, मग हा घरगुती छंद झाला.'

घरी येऊन मी हे सांगितलं नाही. म्हटलं तारीख संपली.

तर हिशेबनीस दादा, तुमच्या बाजारात तिचं गाणं कधी आलंच नाही, कारण त्याला तिकीट नव्हतं. वारा दादा, घरच्या भाकरीवर गावं म्हणता, ती भाकर तीच थापते, मग गाते. आणि गिरणाकाठ भाऊ, तुमच्या मंडळात एक तरी बाई आहे का?

गिरणाकाठ

नाही.

म्हणजे कारण सांगायला गेलो तर सांगता येईल, रात्रीच्या बैठका वगैरे. पण नाही.

हिशेबनीस

ताईंच्या प्रतिसादावर वाद घालायचा नाही, मान्य. पण मुद्दा उरतोच. जिल्ह्याला वर्षाला 100. कानबाई म्हणणाऱ्या बाया प्रत्येक गावात दहा निघतील. सगळ्यांना कलाकार म्हटलं तर यादी कोण लावणार? समितीतल्या मंडळींच्या ओळखीचे पुढे जातील. आत्ताही जातात असं लोक म्हणतातच. पैसा जितका सैल, तितका वशिला घट्ट. मला उपाय सांगा, मी हट्ट सोडतो.

केळीबाग

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा सरकारी मदत आलीच ना? तीन दिवसांत मांडव उठला. तशाच खर्चातला थोडा हिस्सा त्या वर्षी गावोगावी जाऊन गाणी लिहून, ध्वनिमुद्रित करून घ्यायला लावला असता तर पुराव्याचा प्रश्न आपोआप सुटला असता. ध्वनिमुद्रणच पुरावा.

सातपुड्याचा_वारा

हे मात्र पटलं. आश्चर्य आहे, केळीबाग. फक्त ते मुद्रण गाणाऱ्याच्या नावानं राहिलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी डीजेवर. आणि त्यासाठीही मी सरकारकडे जाणार नाही. मोबाइल आहे, दोन पोरं आहेत, दिवाळीनंतर धडगावकडून सुरुवात करतो.

भो_आप्पा

पेट्रोल कोन देई?

सातपुड्याचा_वारा

…तू दे.

गिरणाकाठ

आखाजीताई, सासूबाईंची गाणी कुठे लिहून ठेवलीत का? आमच्या चौघांच्या अर्जाला मी वहीचीच छायाप्रत लावली, चाळीस वर्षांपूर्वीची, तेलाचे डाग असलेली. आधी नाक मुरडलं, मग ग्रामपंचायतीचा दाखला जोडायला सांगितला आणि अर्ज घेतला. मंजूर होईल की नाही ते पुढचं, पण घेतला तरी.

आखाजी

लिहिलेलं काही नाही. तिला अक्षरओळख नाही. मी लिहायला बसले की ती थांबते, म्हणते गाणं असं खुर्चीवर बसून येत नाही, निवडायला तांदूळ तरी दे. मग तांदूळ निवडताना म्हणते आणि माझं लिहायचं राहतं. मोबाइलवर सोळा गाणी आहेत, मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत.

गिरणाकाठ

शिट्ट्या राहू द्या. सोमवारी मी पंचायत समितीत जाणारच आहे. ध्वनिमुद्रण आणि ग्रामपंचायतीचा दाखला चालतो का, विचारून इथे लिहितो. अर्जाचा कोरा नमुना तुमच्यासाठी जास्तीचा घेऊन ठेवतो.

हिशेबनीस

दोन घ्या. माझ्या आईचाही बघू.