कम्युनिटी पोस्टिंग: तीच पाच घरं परत परत, की रोज नवी वस्ती?

फॅमिलीफोल्डर
भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पाचव्या आणि सातव्या सत्रात कम्युनिटीचे, म्हणजे वस्तीत घरोघरी जाऊन करायचे, प्रात्यक्षिक तास प्रत्येकी १६०. आठवड्याला ४० धरले तर चार-चार आठवडे, निम्मे शहरात, निम्मे खेड्यात. हे शहरातले दोन आठवडे कसे घालवायचे, यावर बोलायचंय.

सोमवारी लोकमान्यनगर, मंगळवारी कळवा, बुधवारी अंगणवाडी, गुरुवारी एखादी संस्था. अशा वेळापत्रकाने लॉगबुकचे रकाने भरतात, पण मुलींना कोणतंच घर कळत नाही. माझं म्हणणं, एकच वस्ती घ्या. दोघींच्या जोडीला पाच घरं, प्रत्येक घरी चार भेटी.

कारण पहिल्या भेटीत माणसं खरं सांगत नाहीत. "लोहाच्या गोळ्या घेता ना?" "हो, घेते की." दुसऱ्या भेटीत पाकीट बघायला मागावं. महिन्यापूर्वी ३० मिळाल्या, रोज एक, आणि २२ अजून तशाच. तिसऱ्या भेटीत कारण निघतं: मळमळते, शौचाला काळं होतं, गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. मग रात्री जेवणानंतर घ्यायला सांगायचं, चहा आणि गोळी वेगळी करायची, शौचाला काळं होणं साहजिक आहे हे समजवायचं. चौथ्या भेटीत पुन्हा गोळ्या मोजायच्या. एकदाच जाणाऱ्या मुलीच्या फाइलमध्ये या बाईपुढे 'गोळ्या नियमित' एवढंच लिहिलेलं राहतं.

शंभरसुया
वाचायला छान आहे, पण पाच घरांत हात कधी बसणार? पाच घरांत एखादी गरोदर बाई, एखादं तान्हं मूल. बाकीच्यांचं बीपी बघायचं आणि चहा प्यायचा.

साहलीच्या उपकरणाने हिमोग्लोबिन बघणंच घ्या. पहिला थेंब पुसून टाकायचा, नळीत बरोबर ०.०२ मिली रक्त, मध्ये हवेचा बुडबुडा नको, आम्लात दहा मिनिटं थांबायचं, मग उजेडात रंग जुळवायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की ऊतीतलं पाणी मिसळतं आणि साडेदहाचं साडेनऊ दिसतं. हे तीस बोटांनंतर कळतं, पाचांनंतर नाही. बीपीचंही तेच. ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा, हात लोंबता, बाई आत्ताच हंडा घेऊन जिना चढून आलेली. पाच मिनिटं बसवा म्हणून कोणी सांगत नाही.

लसीकरण सत्रावर चार दिवस सलग ठेवा. लस न्यायच्या कॅरिअरमध्ये चार आइसपॅक असतात. ते फ्रीझरमधून काढून तसेच ठेवले तर पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठून वाया जातात. आइसपॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा. उघडलेली पेंटा अटी पाळून २८ दिवस चालते. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) उघडल्यावर चार तासांत वापरली नाही तर टाकून द्यायचीच. कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची सवय वर्गात लागत नाही.

गटप्रवर्तक
दोघांनाही एक विचारते. दहा मुली आल्या की त्यांना वस्तीत फिरवतं कोण? आशा स्वयंसेविका. तिला पगार नाही, मानधन आणि कामावर मोबदला आहे. त्या दिवशी तिचं काम राहिलं की त्या कामाचे पैसेही राहिले.

शिवाय तोच सर्व्हे. घरात माणसं किती, शौचालय आहे का, पाणी कुठून येतं. आशाच्या वहीत हे आधीच लिहिलेलं असतं. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कॉलेजच्या मुलींनी विचारून झालेलं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की लोक दार लावतात, आणि मग आमची आशा गेली तरी उघडत नाहीत.

मुलींना ड्यू लिस्ट द्या, म्हणजे कोणाचं काय राहिलंय त्याची यादी. कोणाचा एमआरचा दुसरा डोस चुकला, कोणी गावाला गेलंय, कोणाचं बाळ २१ दिवसांचं झालं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाच्या भेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. मुलगी तिच्याबरोबर गेली, बाळाचं वजन घेतलं, काखेत ताप मोजला, नाळ बघितली, की दोघींचंही काम होतं. आणि काही सापडलं तर त्याच दिवशी आरोग्यसेविकेला कागदावर लिहून द्या. सातपेक्षा कमी हिमोग्लोबिन कॉलेजच्या फाइलमध्ये महिनाभर पडून राहिलं तर त्या बाईचं काय?

आसनगाव_लोकल
शहराचं चालू द्या. ग्रामीण दोन आठवड्यांची तर पुरती वाट लागते. ठाण्याहून सातला बस निघते, भिवंडी बायपासला अडकते, शहापूरच्या पाड्यावर साडेदहा होतात, आणि दोनला परत बसायचं. आठवड्याला ४० तास कागदावर, हातात मिळतात जेमतेम १८.

मुक्काम नसेल तर ग्रामीण पोस्टिंगला अर्थ नाही. माणसं घरी असतात ती सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. जुलैत भाताची आवणी असते, दिवसा पाड्यावर म्हातारी आणि पोरंच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाड्यावर कुपोषणाचा सर्व्हे केला तर आकडा छान कमी येतो, कारण मुलंच तिथं नसतात! तेव्हा भट्टीवर जा. दंडाची पट्टी न्या: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण, त्याच दिवशी पुढे पाठवायचं. पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध, हात सैल, पट्टी आवळायची नाही. आवळली की अर्धा सेंमी कमी येतो आणि धडधाकट पोर लाल पट्ट्यात जातं.

घोडबंदर_२२वा_मजला
कम्युनिटी म्हणजे झोपडपट्टी आणि पाडा, एवढंच का? घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मुलं परदेशात आणि घरात सत्तरीची दोघं, हेही घरच. सातव्या सत्रात तिथं न्या. इन्सुलिन रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ झालेली असते आणि साखर वर का जाते ते कळत नाही. वापरातलं पेन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. रक्तदाबाची तीच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा. रात्री उठताना पाय अडकेल अशी पायपुसणी. शिकायला कमी आहे का?

शंभरसुया
गेटवरच वॉचमन मुलींना बसवून ठेवतो. त्यांना फॅमिली डॉक्टर आहे, त्यांना शिकाऊ नर्स नकोय.

घोडबंदर_२२वा_मजला
सेक्रेटरीला आठ दिवस आधी कॉलेजचं पत्र, नोटीसबोर्डवर वेळ, रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये बीपी-शुगर. तिथं जे आवाज देतील त्यांच्याच घरी नंतर जायचं. सरळ बेल वाजवत सुटलात तर वॉचमन अडवणारच.

फॅमिलीफोल्डर
गटप्रवर्तक ताई, तुमचं मान्य. पाच घरं मी निवडणार नाही, आशाच्या ड्यू लिस्टमधून घेऊ. आणि एका आशामागे दोनच मुली. दहा मुलींमागे एक ट्यूटर असायला हवा. तो आरोग्य केंद्रात पंख्याखाली बसून असेल तर मात्र माझी पद्धतही चालणार नाही. पाचपैकी निदान दोन घरी त्याने बरोबर जायला हवं.

शंभरसुया, तुम्ही म्हणता ते हाताचं काम ओपीडीत आणि सत्रावर होऊ दे, त्याला दोन आठवड्यांतले तीन दिवस घ्या. घरातलं काम वेगळं. दिघ्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत बॅग ठेवायची कुठे? आधी पेपर, त्यावर बॅग. साबण आणि टॉवेल बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे हात धुण्याआधी बॅग उघडावी लागत नाही. नळ सकाळी तासभरच येतो, तेव्हा त्यांच्या हंड्यातलं पाणी मागायचं नाही, बाटली आपली न्यायची. वॉर्डात सिंक असतं, तिथं हे शिकता येत नाही.

शंभरसुया
तीन दिवस कमी आहेत, चार तरी द्या. आणि परत परत भेटींचं म्हणाल तर नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर, इलठणपाडा अशा वस्त्यांत भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर. पाचव्या सत्रात उघडलेलं कुटुंबाचं फोल्डर सातव्या सत्रात घेऊन गेलात तर दारात दुसरंच कुटुंब.

फॅमिलीफोल्डर
मग ते गेले कुठे, हे शोधणं शिकवा. माता-बाल संरक्षण कार्ड आईबरोबर जातं, आरसीएचचा, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदणीचा, नंबर तोच राहतो.

गटप्रवर्तक
कार्ड घरमालकाच्या माळ्यावर राहिलेलं असतं हो. पहिल्याच भेटीत तो नंबर आमच्या वहीत उतरवून द्या, फोल्डरमध्ये नव्हे.