मदत हवी: आईला घेऊन सिंगापूरहून क्रूझ, तिसऱ्या दिवशी संकष्टी. जेवण, ड्रिंक्स पॅकेज आणि बाकी सोयींबद्दल

घोडबंदरची:

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर नोव्हेंबरात मी, नवरा आणि माझी आई असे तिघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघतोय. रॉयल कॅरिबियनचं जहाज आहे, वाटेत पेनांग आणि फुकेत. बुकिंग ठाण्यातल्याच एका एजंटकडून केलं. पैसे भरेपर्यंत "सगळं इन्क्लुडेड आहे, तुम्हाला काही बघायला नको" असं सांगत होता. आता कागद हातात आल्यावर कळतंय की ड्रिंक्सचे वेगळे, वायफायचे वेगळे, टिपचे वेगळे, काही रेस्टॉरंटचेही वेगळे. फोन केला की "तिथे गेल्यावर समजेल" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून इथे विचारतेय.

आई ७१ वर्षांची आहे. शाकाहारी, अंडंही चालत नाही. मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. गुडघे दुखतात, तलावपाळीला अर्धी फेरी मारली की बाकावर बसते. बाबा गेल्यापासून नौपाड्यातल्या घरातून ती फारशी बाहेर पडलेली नाही. जहाजात बसायचा विषय मात्र तिने स्वतःहून काढला. त्यामुळे तिथे तिचे खाण्यापिण्याचे हाल झाले तर मला फार लागेल.

त्यात तिसऱ्या दिवशी संकष्टी आलीय. कडक उपास डॉक्टरांनी बंद केलाय, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने फळं, दूध, राजगिरा असं घेते, पण जेवते चंद्रोदयानंतरच. चाळीस वर्षांत एकही संकष्टी चुकवलेली नाही.

तर मला हे कळायला हवंय: शाकाहारी भारतीय जेवण खरंच मिळतं का, आणि ते कुणाला सांगायचं? रात्रीच्या जेवणाची वेळ आत्ताच निवडायची आहे, कुठली घेऊ? नवरा संध्याकाळी एखाद-दोन बिअर घेतो, आई आणि मी अजिबात नाही, मग ड्रिंक्स पॅकेज घ्यावं का? तिघांची केबिन एकच आहे. आणि इन्सुलिन ठेवायचं कुठे?

---

नेरुळकर:

ताई, मी मागच्या वर्षी आई-वडिलांना घेऊन याच कंपनीच्या जहाजावर सिंगापूरहून गेलो होतो, त्यामुळे अंदाजाने काही सांगत नाही.

पहिलं ड्रिंक्सचं, कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या बाकीच्या मोठ्यांनाही ते घ्यावं लागतं. मला तेव्हा माणशी दिवसाला ७० अमेरिकन डॉलर भाव दिसत होता, वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज. म्हणजे तुम्हा तिघांचे चार दिवसांचे हजार डॉलरच्या आसपास. उलट तुमच्या यजमानांनी रोज दोन बिअर सुट्या घेतल्या, एक ८ डॉलरची धरली, तर त्याच १८ टक्क्यांसह चार दिवसांचे ७५-८० डॉलर होतील. पॅकेज घेऊ नका. बुकिंगच्या साइटवर आणि चढल्यावर पहिल्या दिवशी ते घ्या म्हणून खूप मागे लागतात, तेव्हा ठाम राहा.

साधं पाणी, चहा, कॉफी, बुफेमधलं लिंबू सरबत, नाश्त्याच्या वेळचे ज्यूस याला पैसे पडत नाहीत. बाटलीबंद पाणी, कोक, कॅनमधलं काहीही घेतलं की बिल.

आता जेवण. पैशांत धरलेल्या मुख्य जागा दोन, मोठं डायनिंग रूम आणि वरच्या मजल्यावरचा बुफे. डायनिंग रूममध्ये पहिल्याच रात्री हेड वेटरला बोलवा आणि सांगा की आईला भारतीय शाकाहारी हवं, अंडं चालत नाही. अंड्याचं वेगळं सांगायलाच हवं, कारण त्यांच्या "व्हेजिटेरियन"मध्ये अंडं बसतं. आणि बुफेमध्ये चिनी किंवा थाई पद्धतीची भाजी दिसली तर सॉसमध्ये मासे नाहीत ना, हे विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका. आमच्याकडे हेड वेटर रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं विचारून ठेवायचा. डाळ, एक भाजी, भात, पोळीसारखं काहीतरी मिळायचं. आमच्या मेनूकार्डावर यातलं काही छापलेलं नव्हतं, मागितलं की करून द्यायचे. आमच्या शेजारच्या टेबलावरचं एक मराठी कुटुंब चार दिवस पास्ता आणि बटाटा खात राहिलं, कारण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. बुकिंगमध्येही आहाराची नोंद आत्ताच करून ठेवा.

---

खारेगाव खाडी:

नेरुळकरांनी टिपचं सांगितलं नाही. ती रोज आपोआप बिलात लागते, साध्या केबिनला माणशी दिवसाला साडेअठरा डॉलरच्या घरात. तिघांचे सव्वादोनशे डॉलर बाजूला ठेवा. आधी भरता येते, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल बघून धक्का बसत नाही. खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट कार्ड जोडलं तर ते खात्यातली रक्कम अडकवून ठेवतात. कार्डावर परदेशातला वापर सुरू केलाय ना, हे घरून निघण्याआधीच तपासा.

फोन चढताक्षणी एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात फोन जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत.

---

पाचपाखाडी:

मी नर्स होते, त्यामुळे इन्सुलिनचं सांगते. केबिनमधला छोटा फ्रीज नुसता गारवा धरतो, नीट थंड करत नाही. औषधासाठी फ्रीज हवा असं कंपनीला आधी कळवा. सुया टाकायचा डबा केबिन अटेंडंटकडे मागितला की देतात. विमानात आणि जहाजावर चढतानाही इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सोबत डॉक्टरांचं पत्र. मोठ्या बॅगा तिथे आपल्याकडून काढून घेतात आणि त्या केबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते. त्या दिवसाची सगळी औषधं आणि आईंना खायला काहीतरी हाताशी असू द्या.

बुफेत जाण्याआधी साबणाने हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला तितकासा दाद देत नाही. आणि उपासाच्या दिवशी इन्सुलिनचा डोस किती घ्यायचा, हे जेवणाची वेळ उशिराची आहे असं सांगून डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

---

नेरुळकर:

हो, संकष्टीचं राहिलं. जेवणाची दुसरी बैठक घ्या. पहिली साडेपाचच्या सुमारास, दुसरी आठच्या सुमारास असते. पण ताई, चंद्र तिथे घड्याळात आपल्यापेक्षा बराच उशिरा उगवेल. सिंगापूरचं घड्याळ तिथल्या सूर्यापेक्षा तासभर पुढे लावलेलं आहे, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे दिवस लहान झालेला असतो तसा विषुववृत्तापाशी होत नाही. इथे सव्वाआठला उगवणार असेल तर तिथे सव्वानऊही होतील. कालनिर्णयमधली मुंबईची वेळ धरू नका, पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये तिथलं ठिकाण टाकून वेळ काढा. तोपर्यंत डायनिंग रूम आवरायला लागलेलं असतं. म्हणून आदल्या रात्रीच हेड वेटरला सांगा की आईंचं ताट सगळ्यात शेवटी द्यायचं. धार्मिक उपास म्हटल्यावर ते नीट समजून घेतात, त्यांच्याकडे रोजे ठेवणारेही येत असतात.

---

वाशी सेक्टर १७:

आम्ही बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने मुंबई-गोवा गेलो होतो. तिथे भारतीय, अगदी जैन जेवणही मिळतं, त्यामुळे सिंगापूरच्या जेवणाचं मी सांगू शकत नाही. चहाचं मात्र सांगते. जहाजावरचा चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी. केबिनमध्ये किटली चालत नाही, तपासणीत काढून घेतात. मी आलं-वेलचीच्या प्रीमिक्सची पाकिटं आणि छोटा थर्मास नेला होता. पहाटे बुफेतून थर्मास भरून आणायचा आणि केबिनमध्ये सासूबाईंना कपात चहा द्यायचा. तुमच्या आईंसाठी बिनसाखरेचं प्रीमिक्स घ्या. घरचं शिजवलेलं नेता येत नाही, पण कंपनीचं सील असलेलं कोरडं चालतं. राजगिऱ्याच्या वड्या, उपासाचा चिवडा न फोडलेल्या पाकिटातच न्या.

---

खारेगाव खाडी:

गुडघ्यांसाठी एक. पेनांगला जहाज थेट स्वेटनहॅम पिअरला लागतं, लिटल इंडिया जवळच आहे, तिथे आईंना इडली-डोसा आरामात मिळेल. फुकेतला मात्र जहाज पाटाँग बीचसमोर समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. बोट हलते, पायरी चढउतार आहे. तो दिवस आईंनी जहाजावरच काढला तर बरं. चढण्या-उतरण्यासाठी व्हीलचेअर मागून ठेवा, टर्मिनलवर मिळते, पण आत फिरायला ती देत नाहीत.

---

घोडबंदरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटने दोन महिन्यांत जे सांगितलं नाही ते इथे एका संध्याकाळी कळलं. दुसरी बैठक घेतली, ड्रिंक्स पॅकेज नाही, आहाराची नोंद आणि औषधाच्या फ्रीजची मेल आत्ताच पाठवली. फुकेतला नवरा एकटा उतरेल, मी आईजवळ थांबेन. संकष्टी त्याच दिवशी आहे, म्हणजे तिलाही दगदग नाही.

आईला सांगितलं की चंद्र डेकवरून थेट समुद्रातून वर येताना दिसेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "निरांजन नेता येईल का गं?" याचं उत्तर कुणाला माहीत आहे का?

---

नेरुळकर:

निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीच चालत नाही, आगीच्या भीतीमुळे तिथे फार कडक आहेत. बॅटरीचा दिवा चालतो. आईंना डेकवर पूर्वेच्या बाजूला उभं करा, कुठली ती कुणाही खलाशाला विचारा. आणि शाल न्या, वर वारा खूप असतो.