एएफएमसीचा इंटरव्ह्यू कॉल आलाय, इंग्लिश कच्चं आहे, जाऊ का नको?

उदगीरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहायलेय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. नीट झाली, मार्क बरे आले, एमसीसीच्या (देशपातळीवरच्या मेडिकल ॲडमिशनच्या कमिटीच्या) फॉर्ममध्ये एएफएमसीवर, म्हणजे पुण्याच्या मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजवर, टिक केलं होतं (मैत्रिणीनं केलं म्हणून मी पण केलं, खरं सांगते) आणि शॉर्टलिस्टमध्ये नाव आलंय. पुण्याला बोलवलंय, तिथं ती टीओईएलआर नावाची इंग्लिश आणि लॉजिकची परीक्षा, मग पॅट, मग इंटरव्ह्यू असं सगळं आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावी बारावी लातूरला क्लास केला, तिथं एमसीक्यू सोडून तोंड उघडायचा प्रसंगच आला नाही. वाचलेलं समजतं सगळं पण बोलायला गेलं की वाक्य अर्ध्यातच अडकतं.

घरी दोन पार्ट्या झाल्यात. पप्पा म्हणायलेत की स्टेटच्या ८५ टक्के कोट्यामधून लातूर नाहीतर अंबाजोगाई आरामात लागंल, घराजवळ राहा, कशाला मिलिटरीच्या भानगडीत पडतीस. आईला उलट लई आनंद झालाय, तिनं अर्ध्या गावाला सांगून पण टाकलं. मला स्वतःला काय वाटतं तेच कळेना गेलंय. फी नाही हे कळतं, युनिफॉर्म आवडतो, पण बाँडचं (शिकून झाल्यावर फौजेत नोकरी करायची, नाहीतर पैसे भरायचे) नाव काढलं की पोटात गोळा.

तर विचारायचं हे की १) इंग्लिश असं असताना जाण्यात अर्थ आहे का २) इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारतात ३) "आर्मीतच का" ह्याला काय उत्तर द्यायचं, माझ्याकडं तर काही उत्तरच नाही. कोणी जाऊन आलं असंल तर प्लीज सांगा.

नाशिकचा_पालक
अभिनंदन बेटा. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता, सिलेक्ट नाही झाला, आता नाशिकलाच एमबीबीएस करतोय आणि मजेत आहे, त्यामुळे मी सांगेन ते त्या बाजूचं सांगेन.

पहिलं म्हणजे स्टेट कॅपचा (राज्याच्या ॲडमिशन प्रक्रियेचा) फॉर्म, चॉइस फिलिंग वगैरे काहीही थांबवू नकोस. दोन्हीकडच्या तारखा जवळजवळ येतात आणि ओरिजिनल कागद एकाच वेळी दोन ठिकाणी मागितले जाऊ शकतात, तर राउंडच्या नोटिसा रोज उघडून बघायच्या, सीट सोडायची शेवटची तारीख कोणती ते पप्पांना वहीत लिहून ठेवायला सांग. दुसरं, इंटरव्ह्यूचं पॅकेज विकणारे आता फोन करतील. आम्हाला एका क्लासवाल्यानं दोन दिवसांचे जे पैसे सांगितले त्यात मुलाची वर्षाची पुस्तकं आली असती, आणि शिकवलं काय तर हात कुठे ठेवायचे आणि "आय वॉन्ट टु सर्व्ह माय नेशन". तिथे सगळ्या मुलांना तेच वाक्य दिलेलं. म्हणजे बोर्डासमोर ओळीनं सगळे तेच बोलणार.

आणि २०२४ चे कटऑफ बघून घाबरू नकोस किंवा खूशही होऊ नकोस. त्या वर्षी फेरनिकालानंतरसुद्धा १७ जण ७२० ला होते, २०२५ ला पेपर असा आला की पहिलाच ६८६ वर. वर्षावर्षाची तुलना करणाऱ्या यूट्यूबवाल्यांना फक्त व्ह्यूज पाहिजेत.

जुना_कॅडेट
मी एएफएमसीचाच. आमच्या वेळी एएफएमसीची स्वतःची एन्ट्रन्स होती, नीट नंतर आली, पण इंटरव्ह्यूचे ५० तेव्हाही होते. आता नोकरीत आहे म्हणून नाव गाव नको, बाकी सांगतो, लांबेल जरा.

आधी गणित समजून घे कारण क्लासवाले हे सांगत नाहीत. नीटचे ७२० आणि टीओईएलआरचे ८० असे ८०० होतात, ते २०० वर आणतात, त्यात इंटरव्ह्यूचे ५० मिळवले की २५० ची मेरिट. (ह्या वर्षीचं इन्फर्मेशन बुलेटिन उघडून एकदा टॅली कर, माझ्या शब्दावर जाऊ नको.) म्हणजे नीटचे चार मार्क इथे येऊन एक होतात. इंटरव्ह्यूत कोणाला तुझ्यापेक्षा दहा जास्त पडले तर ते नीटचे चाळीस मार्क झाले, आणि नीटमध्ये चाळीस मार्क म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. मुलींच्या जागा ३० आणि मुलांच्या ११५, त्यामुळे तुमची यादी आधीच घट्ट असते, सगळ्या जवळजवळच्या मार्कांच्या पोरी. तिथे लिस्ट इंटरव्ह्यूच हलवतो. उलट टीओईएलआरचा एक प्रश्न बरोबर आला तर शेवटी अर्धा मार्क. ४० प्रश्न, ३० मिनिटं, चुकलं की अर्धा वजा. तो पेपर वेगाचा आहे, इंग्लिश कॉम्प्रिहेन्शन आणि लॉजिक. बँकेच्या परीक्षेची रीझनिंगची पुस्तकं लातूरला कुठल्याही दुकानात मिळतील, त्यातलं घड्याळ लावून रोज थोडं कर, पुरे.

आता इंग्लिश. बोर्डावर बसलेल्यांनी आयुष्यभर गावागावातल्या जवानांशी हिंदीत बोलून काढलंय, त्यांना उच्चारांचं कौतुक नसतं. मी कोल्हापूरकडचा, माझं इंग्लिश तेव्हा असं होतं की वाक्य सुरू व्हायचं पण संपायचं नाही. एका ठिकाणी अडकलो तर सरळ विचारलं की सर हे हिंदीत सांगू का, हो म्हणाले, पुढचे दोनतीन प्रश्न हिंदीतच झाले. बघतात ते हे, की अडकल्यावर हा पोरगा गप्प होतो, रडकुंडीला येतो, की थापा मारतो, की काहीतरी रस्ता काढतो. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही सर" म्हणून मोकळं व्हायचं. तिथे फेकाफेकी करणाऱ्याला ते आणखी आत नेतात, हळूहळू, हसत हसत, आणि मग बाहेर यायला जागा नसते.

विचारतात काय तर तुझ्याबद्दल. उदगीर कशासाठी ओळखतात, तर तू किल्ला म्हणशील, मग १७६० ची लढाई कोणाकोणात झाली, निजाम आणि पेशवे, पुढच्याच वर्षी पानिपत, हे तुला यायला पाहिजे कारण तुझं गाव आहे. फॉर्ममध्ये हॉबी रीडिंग लिहिली असेल तर शेवटचं काय वाचलं. वडील काय करतात, पाऊसपाणी कसं आहे, सोयाबीनला भाव काय. बारावीच्या बायोलॉजीतलं एखादं, पेपर वाचतेस का ह्यावर एखादं. माझ्या पुढच्या मुलानं हॉबी म्हणून बासरी लिहिलेली, त्याला बासरीला भोकं किती ते विचारलं. (त्याला आलं. तो आता सर्जन आहे.)

पॅट म्हणजे मानसशास्त्राची टेस्ट. त्याची तयारी करूच नको. एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं फिरवून विचारतात, बनवून लिहिलं की पुढे कुठेतरी उत्तरं एकमेकांना खायला लागतात.

आणि तुझा तिसरा प्रश्न, तोच खरा. तुझ्याकडे उत्तर नाही ह्याचं कारण तुझं अजून ठरलेलंच नाहीये, आणि ते इंटरव्ह्यूच्या खोलीत ठरत नसतं. पुण्याला यायच्या आधी घरी बसून ठरव. ठरवायचं काय ते सांगतो. एमबीबीएस झालं की कमिशन मिळतं, म्हणजे फौजेत ऑफिसर होतेस, इंटर्नशिपलाच लेफ्टनंट, पगार सुरू, इंटर्नशिप देशात कुठल्याही सर्व्हिस हॉस्पिटलात. साधारण निम्म्यांना पर्मनंट कमिशन, निम्म्यांना शॉर्ट सर्व्हिस, ते सात वर्षांचं, कोणाला काय ते मेरिट आणि चॉइसवर. पास झाल्या झाल्या पीजीची सीट धरून बसता येत नाही, आधी काही वर्षं युनिटमध्ये काढायची, ती कुठे असतील ते तुझ्या हातात नाही. शिकत असताना लग्न करता येत नाही. बाकी हॉस्टेल कॅम्पसवरच, पहाटे उठून पीटी, सिनियर लोक, हे सगळं सवयीनं होतं, त्याचा बाऊ करू नको. जिला तिशीपर्यंत लातूरला स्वतःचं हॉस्पिटल पाहिजे तिनं हे करू नये, आणि त्यात कमीपणा काही नाही. ह्यातलं जे तुला खरंच पटेल तेवढंच बोर्डाला सांग. "घरात कोणी फौजेत नाही, फी नाही हे कारण आहेच, आणि एका जागी बसून राहायचं नाहीये" एवढं जरी खरं असेल तरी ते उत्तर आहे. पैशाचं कारण सांगायला लाजू नको, निम्मी बॅच त्यासाठीच आलेली असते.

स्पष्टवक्ता_काका
कॅडेट साहेबांनी सगळं छान सांगितलं पण मुलीचा विषय आहे, थोडं व्यवहारी बोलतो, राग नसावा. सात वर्षं म्हटलं की वय किती झालं, लग्नाचं काय, बदलीची नोकरी, सासरचे तयार होतील का. जवळ गव्हर्नमेंट कॉलेज मिळत असताना हे कशाला? तिथेही फी फार नाही. वडिलांचं बरोबर आहे.

तेजू_पुणे
काका राग नाही पण माहिती अर्धी आहे. बाँड इकडेही आहेच, स्टेटच्या गव्हर्नमेंट सीटला एमबीबीएसनंतर एक वर्षाची सक्तीची सेवा, नाही केली तर १० लाख. सात वर्षांपेक्षा कमी हे मान्य, पण "इकडे काही नाही" असं नाहीये.

आणि लग्नाचं म्हणाल तर माधुरी कानिटकर बघा, एएफएमसीच्याच, लेफ्टनंट जनरल झाल्या, नवरा पण लेफ्टनंट जनरल, निवृत्त झाल्यावर २०२१ ला आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. पुनिता अरोरा तर १९६३ च्या बॅचच्या, म्हणजे तिथं एमबीबीएस १९६२ ला सुरू झालं त्याच्या पुढचीच बॅच, त्या देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल. सगळ्याच पोरी जनरल होतात असं नाही म्हणत मी, पण घरं त्यांचीही झालीच ना.

@उदगीरची_पोरगी मी सिलेक्ट होऊन जॉइन केलं नव्हतं, मला पीजी लवकर पाहिजे होतं आणि ते मी इंटरव्ह्यूला जायच्या आधी ठरवायला हवं होतं की नंतर ह्यावर आमच्या घरी अजून भांडणं होतात 😅 असो. कोणी लिहिलं नाही ते लिहिते, मेडिकल. सिलेक्शननंतर फिटनेस काटेकोर बघतात. कानात मळ असेल तर आत्ताच ईएनटीकडे जाऊन काढून घे, फुकट टेंपररी अनफिट लागतं. दात मोजतात, किडका असेल तर भरून घे. वजन उंचीच्या मानाने बघतात, क्लासच्या दोन वर्षात बसून बसून माझं वाढलं होतं तसं तुझं झालं असेल तर आजपासून चाल. चष्म्याच्या नंबरला मर्यादा आहे, कलर व्हिजन बघतात. टेंपररी अनफिट आलं तर अपील असतं, तिथेच रडत बसायचं नाही.

एलिजिबिलिटी पण तपास, बारावी पहिल्याच अटेम्प्टला पास पाहिजे, इंग्लिशला ५० टक्के, दहावीला मॅथ्स.

उदगीरची_पोरगी
बापरे एवढं सगळं. खरंच खूप थँक्यू, दोनदा वाचलं, पप्पांना पण वाचून दाखवलं. उदगीरची लढाई मला येत होती हो कॅडेट दादा, चौथीतल्या इतिहासाच्या मॅडममुळं 😄 सोयाबीनचा भाव पप्पांना विचारला तर ते म्हणाले आधी तो मला कोणीतरी देऊ दे.

काका तुमचं पण वाईट नाही वाटलं, आमच्या घरी आत्या हेच म्हणायलीय.

पप्पांचं एकच म्हणणं राहिलंय की समजा जॉइन केलं आणि मधेच जमलं नाही तर? बाँडचे पैसे किती आहेत? आमच्याकडं जमीन आहे पण ती काय विकायची नाही.

जुना_कॅडेट
पैसे आत्ताच्या बुलेटिनमध्ये बघ, आकडा वर्षावर्षाला बदलतो आणि लाखांमध्ये आहे, बरेच लाख. पप्पांना सांग की बुलेटिनमधलं बाँडचं पान त्यांनी स्वतः वाचावं, समजलं नाही तर ओळखीच्या वकिलाला दाखवावं, सही त्यांचीही लागते. मधेच सोडणारे असतात, थोडे. अभ्यास कुठल्याही मेडिकल कॉलेजसारखाच आहे, डिग्री नाशिक विद्यापीठाचीच, पेपर तेच.

पण जमिनीचा विचार करून जायचं असेल तर नको जाऊ. भीतीनं जॉइन केलेली पोरं पहिल्या वर्षीच ओळखू येतात.

नाशिकचा_पालक
+१. आणि एक, इंटरव्ह्यूला जायला हरकत नाही पण तोवर ठरलेलं असू दे. माझ्या मुलाला विचारलं होतं, स्टेटला गव्हर्नमेंट सीट लागली तर काय करशील. तो म्हणाला दोन्ही बघेन. त्यांनी फक्त मान हलवली.

तेजू_पुणे
रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊन तशीच गेटवर जाऊ नकोस, आदल्या दिवशी ये. कॉलेज वानवडीला आहे, स्वारगेटपासून फार लांब नाही, रिक्षा मिळते. त्या तारखांना जवळचे लॉज पालकांनी भरलेले असतात, हडपसर किंवा कॅम्पच्या बाजूला बघ. कागदांचे दोन सेट, फोटो जास्तीचे. बोलायची प्रॅक्टिस पाहिजे असेल तर मला मेसेज कर, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फोनवर इंग्लिशमध्ये उदगीरचं काहीही सांग, मी चुका काढणार नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारत राहीन.

उदगीरची_पोरगी
ताई केला मेसेज. पप्पा बुलेटिन वाचायलेत, पेन घेऊन.