भाच्यासाठी पुढचा प्रतिस्पर्धी कोण घ्यावा?

वेंगुर्लेकर_मामा:
भाचा 20 वर्षांचा बॉक्सर, फेदरवेट वजनगटातला. प्रो होऊन पाच फाईट झाल्या, पाचही जिंकल्या, चार तर पहिल्या-दुसऱ्या राउंडलाच नॉकआउट. आता मुंबईच्या प्रमोटरने दोन नावं पुढे केलीत. एक जण दोन जिंकलेला, नऊ हरलेला. दुसरा हरियाणाचा डावखुरा, सात जिंकून चार हरलेला, आणि फाईट सहा राउंडची. ताई म्हणते, जिंकतोय ना, मग विस्तवाशी खेळ कशाला? पोराला डावखुराच हवाय. कोच गप्प. व्यवहार मी बघतो, पण यातलं टीव्हीवर दिसतं तेवढंच कळतं.

चिपळूणकर:
पहिलाच घ्या. 6-0 (सहा जिंकल्या, एकही हरला नाही) दिसलं की प्रायोजक विचारतात. एवढं सरळ आहे.

रत्नागिरी_रिंगसाईड:
दोन-नऊवाला नकोच. पोराला दुसऱ्या राउंडात घरी जायची सवय लागलीय. त्या चार नॉकआउटमधून त्याच्याबद्दल कळलं काय? दम किती, पोटात ठोसा बसल्यावर गार्ड, म्हणजे तोंडासमोरचे हात, खाली येतो का, चौथ्या राउंडला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तसाच राहतो का? काहीच नाही.

डावखुऱ्याचे चार पराभव कसे झाले ते आधी बघा, बॉक्सरेक या बॉक्सिंगच्या निकालांच्या वेबसाइटवर मिळेल. नॉकआउट न होता पॉइंट्सवर हरणारा गडी पोराला शेवटपर्यंत राबवतो. टायसनने 19 पैकी 19 नॉकआउट केले होते, तेव्हा मे 1986 मध्ये त्याच्यासमोर जेम्स टिलिस आणला. वर्ल्ड टायटलला लढून हरलेला, मुरलेला माणूस. दहाही राउंड उभा राहिला, टायसनला पॉइंट्सवर जिंकावं लागलं. त्याच महिन्यात मिच ग्रीननेही त्याला दहा राउंड खेळवलं. नोव्हेंबरात टायसन वर्ल्ड चॅम्पियन! लोकांना या दोन फाईट रटाळ वाटतात. मला त्याच्या नॉकआउटपेक्षा त्याच जास्त आवडतात.

घाईही नको. युक्रेनच्या लोमाचेन्कोकडे दोन ऑलिम्पिक सुवर्णं होती, तरी 2014 मध्ये दुसऱ्याच प्रो फाईटला मेक्सिकोच्या सालिदोकडून हरला. सालिदो तोवर बारा वेळा हरलेला होता!

आणि आपल्या शेजारचंच बघा. 19 मार्च 2021, पणजी, मांडवीतल्या कसिनो जहाजाचं छत. विजेंदर सिंग 12-0. समोर रशियाचा लोप्सान, हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच फाईट झालेला, पण उंची सहा फूट चार इंच. विजेंदर 2019 च्या नोव्हेंबरनंतर रिंगमध्ये उतरलाच नव्हता. पाचव्या राउंडला विजेंदरचा खेळ आटोपला. कागदावर सोपी फाईट होती ती. उंची आणि रिकामे गेलेले महिने 12-0 मध्ये कुठे दिसतात?

तेव्हा डावखुरा घ्या, पण एका वेळी एकच नवी गोष्ट. डावखुरा, वर उंच, वर पहिल्यांदाच सहा राउंड, असं एकदम नको. डावखुऱ्याशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, झालंय का?

कुडाळचो_झील:
मामानू, वजनाचा पण बघा. आदल्या दिवशी वजन असता. पोरगो पाणी सोडून रातभर कोकणकन्येत बसतलो आणि थंय उतरान काट्यार उभो रवतलो. दोन दिवस आधी व्हरा. खर्च प्रमोटराकडसून घेवा.

वेंगुर्लेकर_मामा:
आमच्या जिममध्ये डावखुरा एकही नाही. गडी भाच्यापेक्षा दोन इंच उंच आहे. तीन पराभव पॉइंट्सवर, एक नॉकआउट, तोही पोटात बसून. प्रमोटर म्हणतो परवापर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो.

रत्नागिरी_रिंगसाईड:
देऊ दे. फेदरवेटचे बॉक्सर काय संपले नाहीत. त्याला सांगा, हाच माणूस, पण चार राउंड आणि तयारीला सहा आठवडे. तेवढ्यात पोराला पुण्याला नाहीतर मुंबईला ठेवा, डावखुरे तिथे मिळतील. पोटात बसून पडला हे कोचच्या कानावर घाला. डावखुऱ्याची उजवी कूस पुढे असते, लिव्हर त्याच बाजूला. पोराकडून डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, तिथेच घोटून घ्यायचा.

आणि कोचला एकट्याला गाठा. ताईसमोर, पोरासमोर तो बोलणार नाही. तो नको म्हणाला तर मी इथे लिहिलेलं सगळं सोडून द्या, त्याने पोराला रोज बघितलंय.