रंगीत रेषा म्हणजे मज्जातंतू नव्हेत

डीटीआयमध्ये (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, एमआरआयचा एक प्रकार) मेंदूचं वायरिंग ‘प्रत्यक्ष दिसतं’ असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतले तंतुमार्ग अभ्यासायला हे फार मोलाचं साधन आहे, यात वादच नाही. पण मोजली जाते ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. तंतूंच्या लांबीला धरून पाणी सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून संगणक जागोजागी एक मुख्य दिशा ठरवतो आणि त्या दिशा जोडत रेषा ओढतो.

खरी अडचण तंतू एकमेकांना छेदतात तिथे येते. चित्रातल्या साधारण 2 मिमीच्या एका घनात लाखो तंतू असतात आणि टेन्सर, म्हणजे त्या घनातल्या पाण्याच्या हालचालीचं गणिती मॉडेल, मुख्य दिशा एकच सांगतो. चादरीतला ताणा मोजायचा आणि बाणा सोडून द्यायचा, तसं. इथे सोलापुरात मामांच्या ट्यूमरच्या ऑपरेशनआधी हे बघितलं. शरीराच्या हालचालीचे आदेश नेणाऱ्या मार्गाच्या चित्रात पायाकडच्या रेषा ठसठशीत होत्या, हाताच्या आणि चेहऱ्याच्या जवळजवळ नव्हत्याच. घरातले सगळे हादरले, कारण मामांचा हात तर व्यवस्थित चालत होता! डॉक्टरांनी समजावलं की त्या भागात कॉर्पस कॅलोझमचे (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा तंतूंचा पट्टा) आणि पुढून मागे जाणारे तंतू आडवे येतात, म्हणून रेषा मध्येच तुटते. तंतू जागेवरच असतात. टेन्सरच्या गणिताला किमान 6 दिशांची मोजणी पुरते, पण असे छेद उलगडायला बऱ्याच जास्त दिशा आणि टेन्सरपलीकडचं मॉडेल लागतं. त्यामुळे कुणी असा रिपोर्ट दाखवला की मी आधी विचारते, किती दिशांत मोजलंय?